आयर्लंडचा हंगाम कधी संपतो?

वाशीमला चालले आहे म्हटल्यावर आमच्या पुण्याच्या सोसायटीत प्रत्येकीने मला एकच प्रश्न विचारला, "तिथे काय आहे?" सोबत एक आयरिश बाई येणार आहे हे कळल्यावर तर त्यांना माझ्या प्रकृतीचीच शंका आली. परदेशी पाहुण्यांना लोक वेरूळ दाखवतात, गोवा दाखवतात. वाशीम कुणी दाखवतं का? मी तेव्हा "आल्यावर सांगते" म्हणून वेळ मारून नेली होती. आता आले आहे, तर सांगते.

आधी ही बाई कोण ते सांगायला हवं. माझी मुलगी मधुरा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवे नावाच्या गावात राहते आणि नोरा ही तिची अगदी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. सत्तरीला टेकलेली, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. मीही शाळेतच हयात घालवली, त्यामुळे समोरच्याचं वाक्य पूर्ण होण्याआधी ते दुरुस्त करायची खोड दोघींनाही आहे. मुलीकडे गेले की माझा निम्मा मुक्काम नोराच्या स्वयंपाकघरातच असतो. तिची आई शेवटची काही वर्षं तिथल्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळून होती, आणि तिचं सगळं करणारा नर्स होता राहुल, वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीचा मुलगा.

म्हातारी त्याला रोज विचारायची, "तू कुठला रे?" तो सांगायचा, "वाशीमचा." म्हातारीचे दोन्ही मुलगे तरुणपणीच बोस्टनला गेलेले. वाशीम हे बोस्टनच्या पलीकडचं एखादं गाव असावं अशी तिची समजूत झाली आणि ती विचारू लागली, "मग येताना आमचा मायकल दिसला का?" राहुल म्हणायचा, "दिसला ना. बरा आहे. तुमची आठवण काढत होता." ती गेली तेव्हा मायकल विमानात होता आणि तिचा हात राहुलच्या हातात होता. तेव्हापासून नोराने धोशाच लावला, ज्या बाईने हा मुलगा वाढवला तिला मला एकदा भेटायचं आहे. भाषेची अडचण होती, त्यासाठी मी होतेच.

वाशीम

दिवाळी नुकतीच आटोपली होती. नागपूरहून गाडी केली होती आणि गाडीचे चालक गजूभाऊ वाशीमचेच निघाले, त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक फाट्याची कुंडली आम्हाला फुकट ऐकायला मिळाली. कापूस वेचणीला आला होता, तूर फुलावर होती, सोयाबीन घरात येऊन पडलं होतं. काळी जमीन आणि वर स्वच्छ आभाळ. आमच्याकडे दर दोन किलोमीटरवर डोंगर आडवा येतो, इथे नजर जाईल तिथवर जाते.

वाशीम हे जिल्ह्याचं ठिकाण आहे, म्हणजे कोर्ट आहे, कचेऱ्या आहेत, आणि त्या दोहोंच्या भोवती चहाच्या टपऱ्या आहेत. लॉजच्या पायरीवर उभं राहायची खोटी, माणसं जमली. पुण्यात परदेशी बाई दिसली तर लोक न पाहिल्यासारखं करून पाहतात. इथे सरळ समोर येऊन विचारतात. "कोणतं गाव? पोरं किती? नवरा काय करते?" मी संकोचाने भाषांतर करत होते, पण नोरा खूश. म्हणाली, "आमच्या मेयोमध्ये अगदी हेच तीन प्रश्न, याच क्रमाने." मेयो हा तिच्या माहेरचा जिल्हा, तोही असाच, कुणी मुद्दाम बघायला जात नाही असा.

संध्याकाळी गॅलरीत चहा घेताना तिने मला जे सांगितलं, ते तिने पुण्यातच सांगायला हवं होतं. राहुलने गॉलवेत घर घेतलं होतं. लहानसंच, पण स्वतःचं. आणि त्या देशाच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. तो मंजूर झाला की आपला पासपोर्ट परत करायचा. आईला यातलं काही माहीत नव्हतं. "पुढच्या वर्षी येऊन मीच सांगतो, तू बोलू नकोस," असं त्याने नोराकडून कबूल करून घेतलं होतं.

मला रागच आला. असलं ओझं पोटात घेऊन माणसाने दुसऱ्याच्या आईकडे जेवायला जाऊ नये. आणि खरं सांगायचं तर राग नुसता नोराचा नव्हता. माझी मधुराही दर गणपतीत फोनवर म्हणते, "अजून दोनच वर्षं, आई." ती दोन वर्षं सरत नाहीत आणि मीही त्यावर कधी काही विचारत नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, याची भीती वाटते.

नोरा मग तिच्या भावांबद्दल बोलत राहिली. आयर्लंडचा इतिहास म्हणजे अर्धा राहिलेल्यांचा आणि अर्धा गेलेल्यांचा. एकोणिसाव्या शतकात बटाट्यावर करपा पडला, माणसं उपाशी मेली आणि त्याच वेळी बंदरातून धान्य मात्र बोटी भरभरून इंग्लंडला जात होतं. जे उरले ते जहाजांत बसले. त्यांची पोरंनातवंडं आता अमेरिकेत मिरवणुका काढतात, हिरवे कपडे घालतात. "मायकल घरी होता तेव्हा आमच्या नाचाला नाकं मुरडायचा," नोरा म्हणाली, "आता बोस्टनमध्ये त्याचेच वर्ग घेतो." मला गॉलवेत पाहिलेली राहुलची कुंडी आठवली. गावात असताना ठेच्याला शिवत नसे म्हणे, आणि तिकडे खिडकीत मिरचीचं रोप जिवापाड जपतो. माणूस लांब गेला की घरचं तिखटसुद्धा त्याला गोड लागतं असं काहीतरी असावं.

शेलूबाजार

दुसऱ्या दिवशी सकाळी इंझोरीला निघालो आणि नाश्त्याला शेलूबाजारला थांबलो. हमरस्त्यावरचं बाजाराचं गाव, जीपांची आणि मालाची गर्दी. पोह्यांवर लाल तर्री ओतून देतात, तशी नोरालाही दिली. तिने पहिला चमचा घेतला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग न थांबता बशी संपवली. नाक पुसत म्हणाली, "यात बटाटा आहे ना? मग मला परकं काही वाटत नाही."

फाट्यावर एक ट्रक उभा होता. त्यात संसार भरत होते. भांड्यांची पोती, गोधड्या, पत्र्याची पेटी, टोपलीखाली कोंबड्या, शेळीचं करडू, आणि वर बसायला पोरं. नोराने विचारलं, "घर बदलतायत का?"

"हे कोयत्यावाले हायेत, मॅडम," गजूभाऊ म्हणाले. "ऊस तोडाले चालले. कारखाना बंद झाला का येतीन वापस. मंग इथलं पेरणीचं काम."

"आणि यांना नेतं कोण?"

"मुकादम. तो पाह्य, पांढऱ्या शर्टातला."

हे भाषांतर करून सांगितलं तशी नोरा गाडीतून उतरली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. तिचे आजोबा दरवर्षी असेच स्कॉटलंडला बटाटे काढायला जात. अख्खा गाव जाई. बाया, पोरं, सगळे, आणि झोपायला गोठे. नेणाऱ्याला ते गॅफर म्हणत. हंगाम संपला की परत. "आजोबा आयुष्यभर गेले आणि आयुष्यभर परत आले," ती म्हणाली. "त्यांची बहीण एकदाच गेली, अमेरिकेला. ती आली नाही." ट्रक हलला, वरच्या पोरांनी तिला हात केले, तिने दोन्ही हात वर करून उत्तर दिलं. तो दिसेनासा होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

इंझोरी

राहुलची आई, शांताबाई, दारातच उभी होती. काटक, उंच, कपाळ मोकळं, निळ्या काठाचं पातळ. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, खाली मेणबत्ती, बाजूला नर्सिंगच्या पदवीचा झगा घातलेला राहुल. नवरा काही वर्षांपूर्वी वारला. शेजारच्या घरात जाऊ, विमल. दोघी जावा भांडत भांडत एकमेकींना धरून आहेत हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

जेवण आधी झालं. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, ठेचा, कच्चा कांदा. नोरा हट्टाने आमच्यासारखी खाली मांडी घालून बसली. जेवली व्यवस्थित, पण उठायची वेळ आली तेव्हा पाय उचलेनात. शेवटी शांताबाईने एका बगलेत आणि विमलने दुसऱ्या बगलेत हात घालून तिला उभं केलं. "बाई वजनदार हाये वं," विमल म्हणाली, आणि सगळ्याच हसत सुटल्या. नोराला न सांगताच अर्थ कळला.

ते हसू फार टिकलं नाही. नोराने पिशवी उघडली. आत मेंढीच्या लोकरीची करड्या रंगाची शाल होती, तिच्या गावच्या बायकांनी विणलेली. तिने ती दोन्ही हातांवर धरून पुढे केली. शांताबाईने आपले हात पाठीमागे घेतले.

"नोको."

मला वाटलं संकोच. मी म्हटलं, "अहो घ्या, फार प्रेमाने आणली आहे."

"म्हणूनच नोको. बाईले म्हणा, पिशवी घरात ठेवू नोको. जाताना घेऊन जा."

नोराचा चेहरा पडला. विमलने मला कोपराने ढोसून बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "आमी दोघी जनी कितीक वर्सं ऊस तोडाले गेलो. दरसाली दिवाळीच्या आंधी मुकादम येते, असाच, ग्वाड बोलते. पोराइले खाऊ आनते, बाईले लुगडं आनते. त्याच्या हातचं घेतलं का हंगाम कबूल झाला. मंग मान हलवता येत नाई. ह्या बाईले राहुलच्या कामावरून आलेली मुकादमीण समजून राह्यली ते."

मी हसले, आणि हसता हसता थांबले. खरंच, दुसरं काय समजायचं तिने? आजवर तिच्या दारात जो कोणी गोड बोलत, भेट घेऊन लांबून आला, तो माणसं न्यायलाच आला होता. मी नोराला सांगितलं. ती हसली नाही. शाल घडी करून मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "माझ्या आजीने गॅफरला कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. तिला सांग, मी न्यायला आले नाही. तिच्या मुलाने माझ्या आईला शेवटपर्यंत सांभाळलं, तेवढं सांगायला आले आहे."

मी सांगितलं. म्हातारी मायकलची चौकशी करायची तेही सांगितलं. शांताबाई सगळं ऐकत होती, नोराच्या तोंडाकडे बघत. मग तिने विचारलं, मला नाही, थेट नोराला.

"तू मुकादमीण नाईस तं खरं सांग. आमी जात होतो तं हंगाम सरला का येत होतो. राहुलले इथी त्याच्या आजीजवय ठेवून जावो अन् पावसाच्या आंधी वापस. मले हंगाम मालूम हाये. हा आयर्लंडचा हंगाम सरते कधी? माया पोट्टा हंगामाचा गेला का कायमचा गेला?"

माझ्या जिभेवर खोटं अगदी तयार होतं. 'पुढच्या वर्षी येतो म्हणालाय' एवढं म्हटलं असतं की झालं. नोराला मराठी कळत नव्हतं आणि शांताबाईला इंग्रजी. पण तिच्या डोळ्यांसमोर मला ते जमेना, आणि मी प्रश्न जसाच्या तसा नोरापुढे ठेवला.

नोराने मांडीवरची शाल सरळ केली. मग म्हणाली, "मी त्याला शब्द दिला आहे, म्हणून मी सांगू शकत नाही. खोटंही बोलणार नाही. तिने त्यालाच विचारावं. फक्त त्याआधी मला तिला आमच्याकडची एक गोष्ट सांगू दे."

मग तिने मेयोमधली जुनी रीत सांगितली. कुणी मेलं की शेजारपाजार रात्रभर मढ्याजवळ बसतो, रडतो, खातो, गातो. घरातलं कुणी अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री तस्साच सगळा गाव जमायचा. जाणारा जिवंत, मध्ये बसलेला, आणि आई त्याच्यासाठी गळा काढून रडायची. सकाळी सगळे त्याला गावाबाहेरच्या पुलापर्यंत पोचवायचे आणि मागे फिरायचे. आजोबांच्या बहिणीला असंच पोचवलं होतं.

"जित्या माणसाले रडत होते?" विमल दचकली. "काहीच्या काही बोलता, बाई. असं रडू नाई."

शांताबाईने तिला हाताने थांबवलं. "मंग तिच्या मायनं वाट पाह्यली का?"

"नाही," नोरा म्हणाली. "पत्र आलं की ती आनंदाने वाचून घ्यायची. रडून झालं होतं तिचं. वाट माझ्या आईने पाहिली. तोवर विमानं आली होती. माझ्या भावांसाठी कुणी बसलं नाही, रडलं नाही, कारण ते नाताळला येणारच होते. माझी आई प्रत्येक नाताळला वाट पाहायची. आम्ही तिला रडू दिलं नाही, हे मला फार उशिरा कळलं."

मी हे मराठीत सांगितलं. माझ्या घरीही कुणी रडलं नव्हतं. मधुराला सोडायला गेलो तेव्हा विमानतळावर आम्ही फोटो काढले होते, हसरे.

शांताबाई उठली, फोन आणला आणि विमलला लावून द्यायला सांगितलं. तिकडे सकाळ होती, राहुल नुकताच रात्रपाळीवरून आला होता. "जेवली का, आई? पाव्हण्या आल्या का?"

"आल्या. त्याइनं काई सांगितलं नाई, त्याइले बोलू नोको. तू सांग. हंगामाचा हायेस का कायमचा?"

पडद्यावर त्याचा चेहरा हलेना, मला वाटलं फोन अडकला. मग तो म्हणाला, "आई, मी पुढच्या वर्सी येऊन..."

"पुढच्या वर्सीचं नोको सांगू. दरसाली दिवाळीले थोडं थोडं रडून मी थकली रे. एकखेप पुरं रडू दे मले."

"कायमचा, आई," तो म्हणाला. "घर घेतलं. इथलाच होऊन राह्यलो."

तिने फोन खाली ठेवला, भिंतीला पाठ टेकली आणि रडू लागली. मूकपणे नाही, आवाज काढून, माणूस गेल्यावर रडतात तसं. विमल आधी बावरली, मग तिच्याजवळ बसून तीही रडू लागली. आवाज ऐकून शेजारच्या बाया धावत आल्या. कोण गेलं म्हणून विचारायच्या, विमल सांगायची, "कोनी नाई. राहुल तिकडचाच झाला." त्या क्षणभर घुटमळायच्या आणि मग खाली बसायच्या. यातल्या निम्म्यांची पोरं पुण्या-सुरतेला होती. थोड्याच वेळात खोली भरली. कुणी राहुलच्या लहानपणचं सांगत होती, कुणी नुसतीच शांताबाईच्या पाठीवरून हात फिरवत होती. नोरा त्यांच्यात बसली होती आणि मीही, आणि मी मधुरासाठी रडून घेतलं, कुणाला न सांगता. कुणी विचारलंही नाही.

मग कुणीतरी चहा टाकला. शांताबाईने तोंड धुतलं आणि नोराच्या मांडीवरची शाल स्वतःच उचलली. "आता घ्याले हरकत नाई," ती म्हणाली. "आता बांधून घ्याचं काई राह्यलंच नाई." त्या उकाड्यात ती लोकर अंगावर घेऊन बसली, बाया हात लावून बघत होत्या आणि मेंढी कोणत्या जातीची यावर चर्चा चालली होती. मला भूक लागली होती, इतक्या रडण्यानंतर लागावी तशी. उरलेली भाकर मी ठेच्याशी खाल्ली.

ऊन कलल्यावर आम्ही निघायच्या बेतात होतो, तेव्हा राहुलचाच फोन आला. घाबरलेला. आई ठीक आहे ना?

"मी बरी हाये. तुयं घर दाखव."

विमल माझ्या कानाशी कुजबुजली, हे नवीनच होतं. इतकी वर्षं तो भाड्याची खोली दाखवायला फोन फिरवायचा, तर शांताबाई म्हणायची, कोपी काय पाह्यची, तोंड दाखव. कोपी म्हणजे उसाच्या फडाजवळ पाचटाची घालतात ती झोपडी. हंगामापुरती. तिच्याकडे कुणी बघत नाही, तिला कुणी शेणसडा घालत नाही.

राहुल फोन घेऊन घरभर फिरला. तिने सगळं विचारलं. शेगडी कुठी हाये? पानी कुठून येते? हे दार कुठी उघडते? खिडकीत मिरचीचं रोप दिसलं तेव्हा म्हणाली, "पानी जास्त घालून राह्यला त्याले." मग तो पुढच्या खोलीत आला आणि तिने त्याला थांबवलं.

"भिती अशा उघड्या काहून?"

"लावीन ना काईतरी. घाई काय हाये."

"इतले दिवस राहून राह्यला अन् एक खिळा नाई ठोकला?"

मला एकदम दिसलं की तोही तिथे हंगामासारखाच राहत होता. सामान उचलून कधीही निघता येईल असा.

"खिळा ठोक," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता. मी पाहून राह्यली."

खिळा सापडला, हातोडी सापडेना. "कायनंही ठोक," शांताबाई म्हणाली. त्याने फोन टेबलावर उभा केला आणि तव्याने ठोकायला सुरुवात केली. इंझोरीच्या ओसरीवर आम्ही सगळ्या जणी मान पुढे करून बघत होतो. गजूभाऊसुद्धा दारात येऊन उभे राहिले होते. गॉलवेतल्या त्या भिंतीवरचे घाव आम्हाला एक एक ऐकू येत होते.

"झाला, आई."

"हलवून पाह्य."

त्याने खिळा बोटात धरून हलवला. "नाई हालत."

ती त्या खिळ्याकडे बघत राहिली. मग शालीच्या टोकाने डोळे पुसून म्हणाली, "मंग आता राह्यजो."